यादीतला तिसरा

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने प्रश्न पाठवला होता. टीव्हीवर लोकांनी मतं देऊन देशाचा सर्वांत थोर माणूस निवडला, तर तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याने त्यावर नाक मुरडण्यासारखं काय आहे? लोकशाहीच तर आहे ती! प्रश्न खोडकर होता, पण बिनतोड होता. तेव्हा वेळ संपली म्हणून आम्ही सुटलो. आज सुटका नाही.

असे प्रश्न हवेत सोडवायचे नसतात. एक उदाहरण घ्यावं आणि ते पुरतं पिळावं. आम्ही पोर्तुगालचं घेतलं आहे. पोर्तुगाल आपल्याला परका नाही, गोव्यामुळे तो आपल्या घरच्या इतिहासात येऊन बसलेला आहे. पण आजची गोष्ट गोव्याची नाही, हे आधीच सांगून ठेवतो. गोवा शेवटाकडे येईल, थोडासाच.

हा कार्यक्रम मुळात ब्रिटिशांचा. बीबीसीने २००२ साली 'ग्रेट ब्रिटन्स' नावाची मालिका केली. लोकांकडून नावं मागवायची, शंभरांची यादी करायची, त्यातून दहा निवडायचे, प्रत्येकासाठी एक वकील उभा करायचा. वकिलाने तासभराची फिल्म करून आपल्या अशिलाची बाजू मांडायची आणि मग लोकांनी फोन करायचे. तिथे चर्चिल पहिला आला. दुसरा आला ब्रुनेल, म्हणजे रेल्वे आणि पूल बांधणारा इंजिनियर. त्याच्या नावाच्या विद्यापीठातल्या पोरांनी त्याच्यासाठी जोरदार प्रचार केला होता. न्यूटन सहावा. न्यूटन सहावा म्हणजे काय, हे आम्हाला अजून कळलेलं नाही. शेक्सपिअरपेक्षा एका पायरीने कमी गुरुत्वाकर्षण? असो.

तो साचा मग देशोदेशी विकला गेला. पोर्तुगालच्या सरकारी वाहिनीने तो 'ओस ग्रांदेस पोर्तुगेसेस' या नावाने केला आणि २५ मार्च २००७ च्या रात्री निकाल जाहीर झाला. पहिला आला आंतोनियो द ऑलिव्हेरा सालाझार. ४१ टक्के मतं. दुसरा आल्वारो कुन्याल, कम्युनिस्ट पक्षाचा नेता, सालाझारच्या तुरुंगात वर्षानुवर्षं काढलेला. त्याला १९ टक्के. आणि तिसरे आले आरिस्तिदेस द सोझा मेंदेस. त्यांना १३ टक्के. चौथा पोर्तुगालचा पहिला राजा, पाचवा महाकवी कामोइश, आणि दहावा, अगदी तळाला, अर्ध्या-पाऊण टक्क्यावर, आपला वास्को द गामा. 'आपला' म्हणालो ते शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकामुळे. आपण लहानपणी ज्याची तारीख पाठ केली, त्याला त्याच्याच देशाने दहावा नंबर दिला.

आता पहिले तीन बघा. एक हुकूमशहा. दुसरा त्याने तुरुंगात टाकलेला. तिसरा त्याने नोकरीतून घालवलेला. एकाच माणसाभोवती तिघे उभे आहेत. वर्तमानपत्रांनी याचा अर्थ 'पोर्तुगाल हुकूमशाहीकडे वळला' असा लावला. आम्हाला तो अर्थ उथळ वाटतो. एक कोटीच्या थोड्या वर लोकसंख्येच्या देशात एकूण मतं पडली एक लाख ५९ हजारांच्या आसपास. म्हणजे सालाझारला साधारण पासष्ट हजार फोन आले. फोनला पैसे पडत होते. आपणहून पैसे मोजून जो फोन करतो, तो देशाचा प्रतिनिधी नसतो. त्याच्या मनात काहीतरी खदखदत असतं, एवढंच त्यावरून सिद्ध होतं. तेव्हा आकड्यांवरून राष्ट्राचं मन वाचायला जाऊ नये. आमची हरकत वेगळी आहे, आणि ती समजायला आधी तिसऱ्या नंबरकडे गेलं पाहिजे.

(जाता जाता: आमच्या तोंडी सालाझार एकेरीत येतो आहे आणि सोझा मेंदेस आदरार्थी. आमचं मत तुम्हाला तिथेच कळलं असेल. लपवत नाही.)

पोर्तुगालच्या मध्यभागी विझेऊ जिल्ह्यात कबानास दे विरियातो नावाचं गाव आहे. त्या गावात 'कासा दो पासाल' नावाचा एक वाडा आहे. वाडा म्हणालो म्हणून चौक, पडवी असं काही डोळ्यांसमोर आणू नका. फ्रेंच थाटाची एकोणिसाव्या शतकातली तिमजली इमारत, उतरत्या छपरात कोरलेल्या खिडक्या, दर्शनी भागावर घराण्याची मानचिन्हं. गावातल्या बाकीच्या घरांच्या मानाने हे घर इतकं मोठं आहे, की ते गावात आहे की गाव त्याच्या आवारात, असा प्रश्न फोटो बघताना पडतो. समोर ख्रिस्तराजाचा पुतळा. तो या घराच्या मालकानेच उभारून घेतलेला. मालक म्हणजे सोझा मेंदेस. १८८५ चा जन्म, वडील न्यायाधीश, आईकडून उमराव घराणं, जुळा भाऊ सेझार. दोघेही कोइंब्राला कायदा शिकले, दोघेही परराष्ट्र खात्यात गेले. हे गृहस्थ राजेशाहीचे समर्थक, कट्टर कॅथलिक, चौदा मुलांचे बाप, सढळ हाताने खर्च करणारे. पैशाच्या बाबतीत वरिष्ठांची बोलणीही खाल्लेली. क्रांतिकारकाचं एकही लक्षण अंगी नाही.

आता नकाशा थोडा सरकवा. शेजारचाच तालुका सांता कोंबा दांव. तिथल्या विमिएइरो या खेड्यात १८८९ साली सालाझार जन्मला. बाप जमीनदारांच्या शेतीवर देखरेख करणारा कारभारी. बसकं, साधं घर. हाही कोइंब्रालाच गेला, कायदाच शिकला. म्हणजे एका टापूतली, एका विद्यापीठातली, एका धर्मश्रद्धेची दोन माणसं. फरक काय, तर एक वाड्यातला, एक कारभाऱ्याच्या घरातला. आपल्याकडच्या कथा-कादंबऱ्या वाचून आपली समजूत अशी, की वाड्यातला जुलमी असणार आणि कारभाऱ्याचा पोरगा न्याय मागणार. इथे उलटं झालं. या उलटेपणाचा सिद्धान्त करू नका, इतकंच सांगतो. उमरावांमध्ये भित्रे आणि क्रूर लोक चिक्कार होऊन गेले.

सालाझार १९२८ मध्ये अर्थमंत्री झाला, १९३२ मध्ये पंतप्रधान. त्याच्या पहिल्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री कोण? सेझार, म्हणजे आपल्या सोझा मेंदेस यांचा जुळा भाऊ. थोडेच महिने टिकला. पण बघा, घरं किती जवळ होती.

१९३८ साली सोझा मेंदेस फ्रान्समध्ये बोर्दो इथे कॉन्सल म्हणून गेले. पुढच्या वर्षी युद्ध सुरू झालं आणि ११ नोव्हेंबर १९३९ ला लिस्बनहून सर्व वकिलातींना एक परिपत्रक निघालं. क्रमांक १४. त्याचा आशय असा, की काही प्रकारच्या माणसांना लिस्बनला विचारल्याशिवाय व्हिसा द्यायचा नाही. प्रकार कोणते? ज्यांचं राष्ट्रीयत्व संदिग्ध आहे ते, ज्यांना देशच नाही ते, रशियन, आणि मूळ देशातून हाकलले गेलेले ज्यू. परिपत्रकाची भाषा थंड आहे. कुणाचा द्वेष करा असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. त्यात फक्त माणसांची वर्गवारी केलेली आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, आम्ही परत तिच्याकडे येणार आहोत.

जून १९४०. पॅरिस पडलं. लाखो माणसं दक्षिणेकडे निघाली आणि बोर्दो भरून गेलं. वकिलातीच्या जिन्यावर माणसं, अंगणात माणसं, रस्त्यावर माणसं. त्यांत खाइम क्रूगर नावाचे एक रब्बी होते. सोझा मेंदेस यांनी त्यांना कुटुंबासह आसरा दिला आणि त्यांच्यापुरता व्हिसा मिळवून देण्याची तयारी दाखवली. क्रूगर म्हणाले, मला एकट्याला नको, बाहेरच्या सगळ्यांना द्या. त्यानंतर सोझा मेंदेस आजारी पडले. दोन-तीन दिवस अंथरुणातून उठले नाहीत. चरित्रकार या आजारावर पानंच्या पानं लिहितात. आम्हाला तो भाग विनाकारण नाटकी करावासा वाटत नाही. चोपन्न वर्षांचा, चौदा मुलांचा, सरकारी पगारावर जगणारा माणूस आजारी पडेल नाही तर काय होईल? १७ जूनला ते उठले आणि त्यांनी सांगितलं, की आता सर्वांना व्हिसा. राष्ट्रीयत्व, वंश, धर्म काही विचारायचं नाही. त्याच दिवशी फ्रान्सने शस्त्रसंधी मागितली.

पुढचा आठवडाभर शिक्के पडत राहिले. फी घेणं थांबलं. सही आखूड होत होत नुसतं 'मेंदेस' एवढीच राहिली. बोर्दोहून बायोनला, तिथून सरहद्दीवरच्या आंदायपर्यंत हे चाललं. मग माद्रिदहून पोर्तुगालचा राजदूत धावत आला, त्याने हे व्हिसा रद्दबातल ठरवले आणि २४ जूनला सालाझारने परत बोलावण्याचा हुकूम काढला. परदेशखातं त्या वेळी सालाझारच्याच हातात होतं.

किती माणसं वाचली? लोकप्रिय लेखनात तीस हजार हा आकडा असतो. अवराम मिल्ग्राम या इस्रायली इतिहासकाराने तो फुगवलेला आहे असं दाखवलं. वकिलातीच्या नोंदवहीतले आकडे बरेच लहान आहेत, आणि त्या धांदलीत सगळी नोंद झाली असंही म्हणता येत नाही. वाद चालू आहे. टीव्हीच्या कार्यक्रमाला अर्थातच तीस हजारच आवडतो. स्पर्धेत आकडा लागतो ना! आकडा कमी झाला की माणूस एक नंबर खाली येईल अशी भीती तिथे असते. आमच्या लेखी तीन हजार असोत की तीस हजार, कृत्य तेच राहतं.

शिक्षा झाली. ऑक्टोबर १९४० मध्ये चौकशी संपली. मंडळाने पदावनती सुचवली होती, सालाझारने ती वाढवली: एक वर्ष अर्ध्या पगारावर बाजूला बसायचं आणि मग निवृत्ती. पुढे त्यांना प्रत्यक्षात किती पैसे मिळत राहिले यावर इतिहासकारांत मतभेद आहेत, पण दिवस वाईट आले यावर नाहीत. लिस्बनमध्ये ज्यू निर्वासितांसाठी जे अन्नछत्र होतं, तिथे हे कुटुंब जेवायला जाई. वाड्यातलं सामानसुमान गेलं. १९४८ मध्ये पत्नी गेली. ३ एप्रिल १९५४ ला लिस्बनच्या फ्रान्सिस्कन दवाखान्यात ते वारले. कर्जापोटी वाडा विकला गेला, छप्पर गळालं, मजले कोसळले, एके काळी तिथे कोंबड्या आणि गुरं राहिली. बेल्जियमच्या एका मंत्र्याचं कुटुंब १९४० साली ज्या घरात आसऱ्याला होतं, त्याच घरात!

आता हरकतीकडे येतो.

ज्या उन्हाळ्यात हे सगळं घडलं, त्याच उन्हाळ्यात, १९४० च्या जुलैअखेर, अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकाने पोर्तुगालवर मोठा लेख छापला. त्यात सालाझारला हेन्री द नॅव्हिगेटरनंतरचा सर्वांत थोर पोर्तुगीज म्हटलं होतं. म्हणजे २००७ ची स्पर्धा सदुसष्ट वर्षं आधीच एकदा होऊन गेली होती आणि निकालही तोच लागला होता. लिस्बन हे युरोपातलं शेवटचं मोकळं बंदर, तिथे निर्वासित सुखरूप पोचत होते, याचं श्रेय राजवटीने घेतलं. निर्वासितांना आत आणणारा माणूस मात्र त्याच वेळी चौकशीसमोर उभा होता. यावर कडवट हसता येईल. पण आमचा मुद्दा हसण्याचा नाही. थोर कोण, या प्रश्नाचं तोंडच सत्तेकडे असतं. हा प्रश्न विचारला, की ज्याच्या हातात देश होता तोच आधी दिसतो. ज्याच्या हातात आठवडाभर एक शिक्का होता, तो दिसायला फार उशीर लागतो.

कुणी म्हणेल, अहो, तो दिसला ना? तिसरा आला! हे आम्ही मान्य करतो, आणि नुसत्या तोंडदेखलेपणाने नाही. १९६६ मध्ये यरुशलेमच्या याद वाशेमने त्यांचा सन्मान केला तेव्हा पोर्तुगालमध्ये त्याचा गाजावाजा होणं शक्यच नव्हतं, सालाझार सत्तेवर होता. १९७४ ची क्रांती झाली तरी कागद हलायला आणखी चौदा वर्षं लागली. १९८८ मध्ये संसदेने एकमताने त्यांच्यावरचे आरोप पुसले. तोवर बहुतेक पोर्तुगीजांना हे नाव माहीत नव्हतं. २००७ मध्ये टीव्हीने तासभर त्यांच्यावर फिल्म दाखवली आणि वीसेक हजार लोकांनी पैसे खर्चून त्यांना मत दिलं. हे त्या कार्यक्रमाचं ऋण आहे, आणि ते नाकारणारा प्राध्यापक कोता म्हणावा लागेल.

पण त्या ऋणाची किंमत काय पडली बघा. क्रमांक १४ चं परिपत्रक माणसांची वर्गवारी करतं, असं आम्ही मघाशी म्हणालो. कोण आधी, कोण नंतर, कोण मुळीच नाही. १७ जूनला सोझा मेंदेस यांनी काय केलं? त्यांनी दुसरी, जास्त चांगली वर्गवारी केली का? म्हातारे आधी, मुलंबाळं आधी, विद्वान आधी? नाही. त्यांनी वर्गवारी मोडली. माणसं रांगेत ज्या क्रमाने उभी होती त्या क्रमाने कागद पुढे आले. राजपुत्र आले, बँकवाले आले, ज्यांचं नाव आज कुणालाच माहीत नाही असे शिंपी आणि चांभार आले. त्या कृत्याचा गाभाच हा आहे, की माणसाला क्रमांक द्यायचं नाकारलं. आणि अशा माणसाला आपण सन्मान म्हणून काय दिलं? क्रमांक!

ही नुसती शब्दांची कोटी आहे असं वाटेल, म्हणून जरा आपल्याकडे येऊ. २०१२ मध्ये आपल्याकडेही 'द ग्रेटेस्ट इंडियन' झालं. गांधींना स्पर्धेबाहेर ठेवलं होतं, त्यांच्या नंतरचा थोर कोण एवढंच विचारलं. म्हणजे एका माणसाची तुलना करता येत नाही, हे आयोजकांनी आधीच कबूल केलं. मग बाकीच्या पन्नासांची का करता येते, याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. बाबासाहेब पहिले आले. गंमत अशी, की थोर माणूस कसा ओळखायचा या प्रश्नावर बाबासाहेबांनी स्वतः पुण्यात, गोखले हॉलमध्ये, १८ जानेवारी १९४३ ला अख्खं भाषण दिलेलं आहे. रानड्यांच्या जयंतीचा प्रसंग होता. तिथे ते कार्लाइलची कसोटी घेतात: थोर माणसाच्या अंगी सचोटी हवी. मग म्हणतात, सचोटी पुरत नाही, बुद्धी हवी. मग म्हणतात, दोन्ही असले तरी तो फार तर नामवंत ठरेल, थोर ठरायला सामाजिक ध्येयाची प्रेरणा हवी, समाजाची घाण उपसायची तयारी हवी. आणि त्याच भाषणात विभूतिपूजेवर कोरडे ओढतात. ज्याने कसोटी घासूनपुसून ठेवली, त्यालाच टीव्हीने बिनकसोटीच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस दिलं. पण तेही असो.

बाबासाहेबांच्या कसोटीला सोझा मेंदेस उतरतात का? प्रामाणिकपणे सांगायचं तर नाही उतरत. त्यांच्यापाशी समाज बदलण्याचं ध्येय नव्हतं. जून १९४० च्या आधी ते जसे होते तसेच नंतरही राहिले: राजनिष्ठ, भाविक, कर्जबाजारी. सालाझार मात्र कार्लाइलच्या कसोटीला कदाचित उतरेल. त्याची राहणी साधी होती, तो पैसे खाणारा नव्हता, आणि २००७ मध्ये त्याच्या बाजूने हेच तर सांगितलं गेलं. आमच्या मते इथेच 'थोर माणूस' या कल्पनेची हद्द संपते. थोर इथे माणूस नाही, कृत्य आहे. एका साधारण माणसाच्या हातून एक असाधारण कृत्य झालं. कृत्यांची जातकुळी वेगळी असते, ती पुतळ्यात बसत नाहीत. कारण पुतळा अख्ख्या माणसाचा करावा लागतो, आठवड्याचा करता येत नाही.

आणखी एक अडचण सांगतो, ती तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी. कांटचा १७८४ चा निबंध आहे, 'प्रबोधन म्हणजे काय' या प्रश्नावरचा. त्यात तो म्हणतो, की नागरिक म्हणून वाटेल ती टीका करा, लिहा, छापा, पण पदावर असताना पदाचे हुकूम पाळा. आणि हुकूम अगदीच सदसद्विवेकाविरुद्ध गेला तर? तर राजीनामा द्या, असं धर्मगुरूच्या उदाहरणात तो सांगतो. आम्ही हे चाळीस वर्षं शिकवलं आणि चाळीस वर्षं विद्यार्थ्यांना ते पटलं. निर्मळ उत्तर आहे. पण सोझा मेंदेस यांनी राजीनामा दिला असता तर काय झालं असतं? त्यांचे हात स्वच्छ राहिले असते, आणि जिन्यावरची माणसं जिन्यावरच राहिली असती. शिक्क्याला किंमत होती ती ते पदावर होते म्हणून. त्यांनी पद सोडलं नाही, पद वापरलं. याला खात्याच्या भाषेत गैरवर्तन म्हणतात, आणि खात्याच्या दृष्टीने ते होतंच. चौकशी मंडळ खोटं बोलत नव्हतं.

इथे आम्हाला स्वतःविषयी दोन वाक्यं बोलावी लागतील. आम्ही विभागप्रमुख असताना एके वर्षी वरून परिपत्रक आलं, की अमुक तारखेपर्यंत ज्यांची फी जमा नाही त्यांचे परीक्षेचे अर्ज पुढे पाठवू नयेत. सात अर्ज होते. त्यांतली एक मुलगी दुष्काळी भागातली. ती दोन दिवस दारात येऊन उभी राहिली. आम्ही तिला काय सांगितलं? "बाळ, आमच्या हातात काही नाही." हे वाक्य तुम्हीही कधी ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. त्या वेळी आमच्या हातात विभागाचा शिक्का होता. अर्ज पाठवले असते तर फार तर एक ज्ञापन आलं असतं. ती मुलगी परत आली नाही. बोर्दोशी याची तुलना करण्याचा निर्लज्जपणा आम्ही करणार नाही. एवढंच, की कांट शिकवताना त्या पानावर आम्ही तेव्हापासून थोडे अडखळतो.

आता पुन्हा त्या घराकडे. टीव्हीचा कार्यक्रम एका रात्रीत संपला. घराचं काय झालं? वारसांनी आणि चाहत्यांनी प्रतिष्ठान काढलं, सरकारी मदतीने घर परत विकत घेतलं, पण ते पडकंच राहिलं. २०११ मध्ये ते राष्ट्रीय स्मारक झालं. २०१४ मध्ये युरोपीय संघाच्या पैशातून छप्पर आणि बाहेरच्या भिंती सावरल्या. २०२१ मध्ये लिस्बनच्या राष्ट्रीय पँथिऑनमध्ये त्यांच्या नावाचं स्मारक झालं, देह मात्र गावच्या दफनभूमीतच राहू दिला. आणि १९ जुलै २०२४ ला, जन्मदिवशी, घर संग्रहालय म्हणून उघडलं. निकालाच्या रात्रीपासून सतरा वर्षं लागली. फोन करायला अर्धं मिनिट लागतं, छप्पर घालायला सात वर्षं. आठवण ठेवणं म्हणजे काय, याचा हिशेब या दोन मापांतून बराच कळतो.

तरी घरालाही आम्ही मोकळं सोडणार नाही. नवीकोरी इमारत सुंदर दिसते. पण ते घर जवळपास सत्तर वर्षं जे सांगत होतं ते रंगरंगोटीत पुसलं जातं. गळकं छप्पर हाच त्या राजवटीचा आणि नंतरच्या उदासीनतेचा खरा पुरावा होता. आमचं चाललं असतं तर एक खोली तशीच ठेवली असती. छप्पर नको, दुरुस्ती नको, खुराड्याची जाळीसुद्धा तशीच. अभ्यागताने वर बघितलं की आभाळ दिसलं पाहिजे. संवर्धनवाले आमच्यावर चिडतील, त्यांना ओलीचा प्रश्न असतो हे आम्हाला कळतं.

आणि दुसरं घर? विमिएइरोचं? तेही पडकं झालं. तिथे सालाझारच्या काळावर संग्रहालय करावं म्हणून तालुक्याने खटपट केली. २००७ च्या सुमारासच, म्हणजे टीव्हीच्या निकालाच्या वर्षीच त्यावर निदर्शनं झाली. २०१९ मध्ये पुन्हा तो विषय निघाला आणि संसदेने निषेधाचा ठराव केला. आमचं मत इथे बहुमताहून थोडं वेगळं आहे. देवघर करू नये हे बरोबर. पण अभ्यासाची जागा करायला हरकत नसावी. एका दिवसात दोन्ही घरं बघता येतील इतकी ती जवळ आहेत, आणि दोन्ही बघितल्याशिवाय एकाचाही अर्थ लागत नाही.

गोव्याचं राहिलं. १४ डिसेंबर १९६१ ला सालाझारने गोव्याचा गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हाला संदेश पाठवला: शरणागती नाही, पोर्तुगीज सैनिक एक तर विजयी होतील नाही तर मरतील. समोर भारताची फौज, हाताशी मूठभर तुकड्या. वासालो इ सिल्व्हाने १९ तारखेला शरणागतीवर सही केली. हजारो पोर्तुगीज सैनिक जिवंत घरी गेले आणि गोव्यातली गावं, चर्चं, देवळं उभी राहिली. सालाझारने त्याला सैन्यातून काढून टाकलं. क्रांतीनंतर त्याला हुद्दा परत मिळाला. कृत्य त्याच जातीचं, शिक्षा त्याच हाताने. पहिल्या दहांत त्याचं नाव नाही. आणि ज्या पेनिशेच्या किल्ल्यातून कुन्याल १९६० मध्ये निसटला, त्याच किल्ल्यात त्याआधी गोव्याचे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा ठेवलेले होते. आपले मोहन रानडे तर गोवा मुक्त झाल्यावरही लिस्बनजवळच्या काशियासच्या तुरुंगात होते, थेट जानेवारी १९६९ पर्यंत. सुधीर फडके त्यांच्या सुटकेसाठी किती वर्षं झटले, हे तुमच्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. सालाझारला फोनवरून मत देणाऱ्या पासष्ट हजारांतल्या कितींना ही नावं ठाऊक असतील?

ज्या श्रोत्याने प्रश्न विचारला त्याला आमचं उत्तर एवढंच: मत जरूर द्या, कुणाला प्रधानमंत्री करायचं यावर द्या, रस्ता कुठून जावा यावर द्या. तिथे निवड करावीच लागते, कारण खुर्ची एक असते. मेलेल्या माणसांसाठी खुर्ची एकच आहे, हे कुणी ठरवलं?

पुढच्या वेळी कांटचा तो निबंध घेणार आहोत. थोडक्याच पानांचा आहे, वाचून या. राजीनाम्याचा परिच्छेद साधारण मधोमध येतो. तिथे समासात तुमचं काय मत आहे ते पेन्सिलीने लिहून आणा, आपण तिथूनच सुरुवात करू. नमस्कार.